दीडशे घोडे आणि एक पाणंद

दिवाळीत बिद्रीला घरी गेले, तेव्हा चुलतभावानं मोबाइल माझ्यापुढं धरला. "ताई, तू पुस्तकांची परीक्षणं लिहितीस न्हवं? मग हे वाच आणि सांग, ह्यातली कुठली घ्यायची."

ते थारचं ब्रोशर होतं. दोन मॉडेलांभोवती त्यानं बोटानं लाल गोल काढले होते. पहिलं साधं: १.५ लिटरचं डिझेल इंजिन, साधारण ११८ पीएस, ताकद फक्त मागच्या दोन चाकांना. दुसरं भारी: २ लिटरचं टर्बो पेट्रोल, १५० पीएस, ऑटोमॅटिक, फोर बाय फोर. खरं तर त्याचं आधीच ठरलं होतं. त्याला माझं मत नको होतं. आप्पांना दाखवायला शिकल्यासवरल्या माणसाची सही हवी होती.

मी हसले, पण ब्रोशर वाचलं. दोनदा वाचलं. आमच्या भागातल्या पोरांनी गेल्या चार-पाच वर्षांत सगळ्यात मन लावून वाचलेला मजकूर कुठला असं कुणी विचारलं, तर मला हाच सांगावा लागेल. ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर, पाण्यात उतरायची मर्यादा ६५० मिलिमीटर, हे आकडे त्यांना पाढ्यासारखे येतात. जो मजकूर इतका पाठ होतो, त्याचं परीक्षण कुणीतरी करायला हवं. म्हणून हे.

चित्रात कोण नाही

ऑफ-रोड गाडीची जाहिरात कुठल्याही कंपनीची घ्या. वाळू असते, ओढा असतो, बर्फ असतो, डोंगराची धार असते. गाडी एकटी असते. माणूस असलाच तर पाठमोरा. जिथं रस्ता संपतो तिथं त्या चित्रात स्वातंत्र्य सुरू होतं.

बिद्रीत जिथं रस्ता संपतो तिथं शेजाऱ्याचा ऊस सुरू होतो. ज्यांनी आमचं गाव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: कागल तालुका, कोल्हापूरहून गारगोटीकडं जाणारा रस्ता, आणि गावाची ओळख म्हणजे दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना. इथला 'ऑफ-रोड' म्हणजे पाणंद. दोन्ही बाजूला ऊस, मधून एक ट्रॅक्टर जाईल एवढी वाट. त्या वाटेवर कुणाचा बांध कुठं सरकला, कुणाच्या पाटाचं पाणी कुठं फुटलं, ह्याचा इतिहास प्रत्येकाला तोंडपाठ. समोरून ट्रॉली आली तर कुणी मागं घ्यायचं, हेसुद्धा ठरलेलं. ब्रोशरमधल्या ओसाड, बिनमालकीच्या जमिनीशी ह्याचा काही संबंध नाही. आमच्याकडं रस्त्याबाहेरची जागाही कुणाची तरी असते.

जीप ही गाडी सुरुवातीला अशी एकटी नव्हती. १९४७ साली महिंद्रांनी विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जोडायला सुरुवात केली. पुढं ती सैन्यात गेली, वनखात्यात गेली, पाटबंधाऱ्यांच्या कामावर गेली, निवडणुकीच्या प्रचारात फिरली. आणि आमच्यापर्यंत आली ती वडाप होऊन. कमांडर असो नाहीतर ट्रॅक्स, आत बसायची जागा नऊ-दहांची आणि माणसं पंधरा. दोघं मागच्या पायरीवर, टपावर भाजीची पोती. एसटी जात नव्हती तिथं वडाप जायचं. तीही ऑफ-रोड गाडीच होती. तिचा परफॉर्मन्स मोजायचा तो किती माणसं घरी पोचली ह्यावर.

थार ऑक्टोबर २०१० मध्ये आली आणि २ ऑक्टोबर २०२० ला नव्या रूपात आली. नवी गाडी चौघांची, दरवाजे दोन आणि मागचा एक. मागच्या सीटवर जायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरायचं. आमच्या आजीनं मोबाइलमधला फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि विचारलं, "ह्यात मी चढायची कुठनं?" सगळ्या यूट्यूब रिव्ह्यूंत मला इतकं नेमकं वाक्य ऐकायला मिळालेलं नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पाच दरवाजांची थार रॉक्स आली, तेव्हा कंपनीनं आजीच्याच प्रश्नाचं उत्तर दिलं असं मी समजते.

परफॉर्मन्स, पण कुठला?

भावाच्या दोन लाल गोलांमध्ये एक गृहीत लपलेलं होतं: एक गाडी 'कमी' आणि दुसरी 'जास्त'. म्हणजे पैसे वाढवले की रस्त्यावरही ती भारी आणि चिखलातही भारी. ह्या गृहीतावर अख्खा बाजार चालतो, म्हणून ते जरा सोडवून बघू.

अमेरिकेत ह्याच कल्पनेच्या दोन वेगळ्या गाड्या झाल्या. जीपची रँग्लर रुबिकॉन हे २००३ चं मॉडेल. नाव कॅलिफोर्नियातल्या एका खडकाळ वाटेचं. तिच्यात इंजिन होतं ते इतर रँग्लरमध्ये मिळणारंच. वाढवलं काय, तर पुढच्या-मागच्या दोन्ही ॲक्सलना लॉक आणि अगदी हळू चालायचे गिअर. दुसरी फोर्डची एफ-१५० रॅप्टर, २०१० चं मॉडेल. ती वाळवंटात सुसाट पळायला केलेली, त्यासाठी लांब हालचालीचं सस्पेन्शन. दोन्ही हाय-परफॉर्मन्स. एकीचं कौशल्य पायी चालणाऱ्या माणसापेक्षा हळू जाण्यात, दुसरीचं खड्ड्यावरून उडण्यात. एकीच्या कामाला दुसरी लावली तर दोघींची फजिती.

इतकं लांब जायचीही गरज नाही. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा बघा. २०२१ च्या गुरखाला ताकद होती जेमतेम ९० पीएस. त्याच वेळी बाजारात असलेली पेट्रोल थार १५० ची. पण गुरखाला पुढं आणि मागं दोन्हीकडं हातानं लावायचे डिफरेन्शियल लॉक कारखान्यातूनच येत होते. २०२४ मध्ये तिची ताकद १४० पीएस झाली, लॉक तसेच राहिले. आणि थारचंच कोष्टक नीट वाचलं तर दिसतं, की १५० पीएसचं पेट्रोल इंजिन फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या मॉडेलातही मिळतं. रॉक्समध्ये तर १७७ पीएसच्या पेट्रोलला फोर बाय फोर मिळतच नाही, ते फक्त डिझेलला आहे. म्हणजे कंपनीनंच ताकद आणि पकड दोन वेगळ्या रकान्यांत ठेवली आहे. वाचणाराच दोन्ही रकाने एकत्र करतो आणि त्याला 'टॉप मॉडेल' म्हणतो.

चाकोरीत रुतलेली गाडी

हे मला कागदावर कळायच्या आधी पाणंदीत कळलं होतं. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी भावाच्या मित्राची जुनी गाडी घेऊन आम्ही मळ्यात निघालो. गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण चूक गाडीची नव्हती. परतीचा पाऊस नुकताच झाला होता. पाणंदीत ट्रॅक्टरच्या चाकांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या आणि मध्ये उंचवटा. आमची चाकं चाकोरीत उतरली, पोट उंचवट्यावर टेकलं आणि एक मागचं चाक जागेवर फिरायला लागलं. भावानं ॲक्सिलरेटर आणखी दाबला. चिखल काचेपर्यंत उडाला, इंजिनाचा आवाज पार उसातनं घुमला. चाकोरीबाहेर जायची म्हणून लोक जी गाडी घेतात, ती चाकोरीतच बसली.

थोड्या वेळानं एक ट्रॅक्टरवाले मामा आले. साखळी काढता काढता भावाला म्हणाले, "आधी पाय उचल. गाडी चालवालायस का हीर खणालायस?"

त्यांच्या वाक्यात सगळं यंत्रशास्त्र आहे. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावं लागतं, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफरेन्शियल असतं. डांबरी रस्त्यावर ते सोयीचं. चिखलात तीच सोय उलटते. ज्या चाकाला पकड नाही ते मोकळं फिरत राहतं आणि ज्याला पकड आहे ते गप्प उभं राहतं. बैलगाडीत एक बैल घसरला तरी गाडी दुसऱ्याच्या जोरावर निघते, कारण दोघांच्या मानेवर एकच जू असतं. साध्या डिफरेन्शियलला असं जू नसतं. डिफरेन्शियल लॉक म्हणजे ते जू. आमच्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला ते माहीत आहे, फक्त तो त्याची रील काढत नाही. चाक फिरायला लागलं की तो सीटखालचं, टाचेजवळचं पेडल दाबतो आणि बाहेर निघतो. थारच्या फोर बाय फोरमध्ये हेच काम घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून इलेक्ट्रॉनिक्स करतं. काही मॉडेलांत मागं मेकॅनिकल लॉकही मिळालं आहे.

आणि ताकदीचं काय? पेट्रोल इंजिनाचे १५० पीएस मिळतात ते मिनिटाला पाचेक हजार फेऱ्यांना. चिखलात माणूस तिथपर्यंत जातच नाही, आणि गेला तर विहीर खणतो. तिथं लागतो कमी वेगाला मिळणारा जोर. तो गिअर देतात. थारच्या फोर-लो गिअरमध्ये चाकापर्यंतचा जोर सुमारे अडीच पट होतो. ट्रॅक्टरचं सगळं शरीरच त्या तत्त्वावर बांधलेलं. पन्नास एचपीचा ट्रॅक्टर पंधरा-वीस टन उसाच्या दोन ट्रॉल्या फडातनं रस्त्यावर आणतो. आकड्यात तो भावाच्या आवडत्या मॉडेलाच्या तिसऱ्या हिश्शाचा आहे, आणि त्या दिवशी आम्हाला टोचन करून त्यानंच बाहेर काढलं.

उसात मोजलेली किंमत

आप्पांनी मला एकच प्रश्न विचारला. "किती टनाला पडती?" आमच्याकडं मोठी रक्कम रुपयांत कळत नाही, उसात कळते.

मग मी हिशेब मांडला. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये. तोडणी-वाहतूक त्यातून वजा होते ती वेगळी, उताऱ्याप्रमाणं दर थोडा हलतो तो वेगळा. दोन गाड्यांमध्ये हिशेबापुरता पाच लाखांचा फरक धरला, तर तो झाला १४० टन ऊस. एकरी चाळीस टन धरले तर साडेतीन एकराचं वर्षभराचं पीक. गाडीचं नव्हे, दोन गाड्यांमधल्या फक्त फरकाचं. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतली आणि १.५ लिटरपर्यंतच्या डिझेलची गाडी १८ टक्क्यांत आली आणि त्यापेक्षा मोठ्या इंजिनाची ४० टक्क्यांत. साधी थार एका बाजूला पडली, भारी थार दुसऱ्या बाजूला.

आणि एवढं देऊन ती गाडी पळणार कुठं? गारगोटी रस्त्यावर. हंगामात त्या रस्त्यावर रात्री काय असतं ते ज्यानं गाडी चालवली आहे त्यालाच ठाऊक. मागं दिवा नसलेली ट्रॉली, बाहेर लोंबणारे वाढे, चाकांनी आणून टाकलेला चिखल, अंधारात बैलगाडी. उंच गाडीत आपण सुरक्षित आहोत असं वाटतं, पण उंच गाडीच वळणावर आधी डगमगते. त्या रस्त्याचा परफॉर्मन्स ब्रेकमध्ये आणि धीरात असतो. ब्रोशरमध्ये धीराचा रकाना नाही.

पुराचंही तसंच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ बंद पडला, हे आम्ही पाहिलं. त्यानंतर ६५० मिलिमीटरच्या आकड्याला आमच्याकडं वेगळाच मान आला. पण तो आकडा साचलेल्या पाण्यात हळूहळू उतरण्याचा आहे. अमेरिकेचं हवामान खातं सांगतं, की दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर. ब्रोशरमधला आकडा आणि वाहून जायचा आकडा ह्यांच्यात फक्त चार सेंटिमीटरचं अंतर आहे, आणि तेही उलट्या बाजूनं.

पहिलं बक्षीस, दुसरं बक्षीस

इथंवर लिहून मी खूश होते. माझं परीक्षण पुरं झालं होतं: हे सगळं दाखवण्यासाठी आहे, लोकांनी बघावं म्हणून आहे. पुरावाही हाताशी होता. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरी झाली. शिवराज राक्षे जिंकला, त्याला थार मिळाली. उपविजेता महेंद्र गायकवाड, त्याला ट्रॅक्टर. कुस्तीच्या कोल्हापुरात वाढलेल्या मला त्या क्रमवारीत आमच्या अख्ख्या काळाचं वर्णन दिसलं. जो ओढतो तो दुसरा, जो दिसतो तो पहिला.

मग आजी झोपल्यावर आप्पा पडवीत बोलले. भाऊ सत्तावीस वर्षांचा. दोन वर्षांत तीन स्थळं येऊन गेली. "शेती म्हटलं की पाव्हणं चहा पिऊन जात्यात," आप्पा म्हणाले. "नोकरी हाय का इचारत्यात. बारा एकर बागायत हाय म्हटलं तरी पोरगी म्हणती, शेतकरी नको." भाऊ तिथंच बसला होता, मोबाइलमध्ये मान घालून. त्यानं ह्या विषयाचं अवाक्षर मला सांगितलं नव्हतं.

दारात उभी राहिलेली थार पाहुण्यांना काय सांगते, हे मला तेव्हा कळलं. ती सांगते की इथला पोरगा मागं राहिलेला नाही. एकशेअठरा पीएस की दीडशे, हा प्रश्न चिखलाचा नव्हताच. पकड हवी होती, पण ती वेगळ्या ठिकाणी.

मी तरीही म्हणाले, "पण फोर बाय फोरचा गिअर तू वर्षात किती वेळा टाकणार? खरं सांग."

त्यानं मान वर केली. "ताई, तुझ्या पुण्याच्या खोलीत भिंतभर पुस्तकं हायत. सगळी वाचलीस व्हय?"

"नाही."

"मग? लागतील कधीतरी म्हणूनच घेतलीस न्हवं? माझं फोर बाय फोर तसंच."

ह्यावर माझ्याकडं लगेच उत्तर नव्हतं. मी न वाचलेल्या पुस्तकांकडं बघून मलाही वाटतं, की मी अजून कुणीतरी होऊ शकते. ती भावना खोटी नाही. त्याच्या मनातला डोंगर आणि ओढाही खोटा नाही. दाजीपूरच्या जंगलाच्या इतक्या जवळ राहून एकदाही मोकळेपणानं भटकायला न गेलेल्या पोराला तो हवा वाटला, तर मी पुण्यातून त्याला हसू नये. माझ्या परीक्षणातला हा भाग चुकला होता.

फरक एवढाच, की माझं न वाचलेलं पुस्तक कुणाच्या बिलातून कापून जात नाही. गाडीचं कर्ज काढलं तर हप्ता पुढच्या हंगामाच्या उसावर बसणार. म्हणून मी माझं मत बदलून असं दिलं: पाणंदीचं काम ट्रॅक्टर करतोय, करू दे. रस्ता आणि दार एवढ्यासाठी गाडी हवी असेल, तर साधी पुरते, दिसायलाही तीच आहे. आणि खरंच दर पावसाळ्यात चिखलात उतरायचं असेल, तर जास्तीचे पैसे पकडीला दे, डिझेल फोर बाय फोर घे, लॉक बघ, टायर बघ. सगळ्यात जास्त पीएसला मात्र देऊ नकोस. आपल्या गावात त्याचं काम नाही.

आप्पांनी फक्त एक अट घातली: जेवढं बिल जमा आहे तेवढ्यातच जास्तीत जास्त भरायचं, उसावर नवा बोजा नको. अटीतून गाडी आपोआप ठरली. नोव्हेंबरात साधी डिझेल थार घरी आली. आजीसाठी भावानं लाकडी पाट ठेवलाय डिकीत. ती त्यावर पाय देऊन पुढच्याच सीटवर बसते.

सीट कव्हर घालायला आम्ही कोल्हापूरला गेलो होतो. दुकानातल्या पोरानं विचारलं, "दादा, मागं फोर बाय फोरचा बिल्ला लावू? सगळीच लावत्यात, कुणाला कळत न्हाई." भावानं बिल्ला हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला. मला वाटलं, आता लावणार.

"दे," तो म्हणाला. "ट्रॅक्टरला लावतो."